जनुक तपासायचंच असेल तर गोळी सुरू करायच्या आधी तपासा

भाचीच्या लग्नाची बोलणी या वर्षात दोनदा मोडली आणि दोन्ही वेळा कारण एकच, मुलीच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, ऑटोइम्यून हिपॅटायटिस नावाचा लिव्हरचा आजार आहे आणि तो म्हणे आनुवंशिक असतो. पहिल्या वेळी मध्यस्थांनी फोनवर पत्रिका जुळत नाही एवढंच सांगितलं, खरं कारण आठवड्याने तिसऱ्याकडून कळलं. दुसऱ्या वेळी मुलाची आत्या कांदेपोहे झाल्यावर समोरासमोरच बोलली, हातातल्या मोबाईलवर काहीतरी वाचत तिने ताईला विचारलं, हे जेनेटिक असतं ना, मग मुलीची टेस्ट केलीये का? ताई उठून आत गेली. मी तिथेच बसून राहिलो कारण मलाही तेव्हा धड उत्तर देता आलं नाही.

राग आलाच होता. पण रात्री पुण्याला परतताना एसटीत विचार करत बसलो तेव्हा वाटलं की त्या बाईंचा प्रश्न खोटा नव्हता, अर्धाच होता. या आजारामागे जनुकं आहेत हे खरंच आहे. पण त्या माहितीचं करायचं काय? नातेवाईक, विमावाले, घरपोच टेस्ट विकणारे आणि कधीकधी दवाखाने सुद्धा, आपण सगळे ती माहिती नेमकी नको तिथे वापरतो आणि जिथे तिच्यामुळे माणूस वाचू शकतो तिथे कुणी विचारतच नाही. हे मी ताईच्या आजारात जवळून बघितलं म्हणून लिहितोय.

ताई कराडजवळच्या गावात राहते. तीन वर्षांपूर्वी, वय ४४, आधी नुसता थकवा, जिना चढला तरी बसावं लागायचं, मग लघवी गडद आणि मग डोळे पिवळे. गावात कावीळ म्हटलं की पहिली गोष्ट काविळीची माळ, डोक्यावर ठेवतात आणि ती लांबत खाली उतरली की कावीळ उतरली असं समजतात. ताईची माळ लांबली, कावीळ वाढली. यात तीन आठवडे गेले. मग तालुक्याला दाखवलं तर पहिला प्रश्न दाजींना, घरात दारूचं काही आहे का? ताईने आयुष्यात दारूचा वास सुद्धा घेतलेला नाही, पण लिव्हर खराब म्हणजे दारू हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की तिला प्रत्येक नवीन माणसासमोर ते नाकारावं लागायचं, आणि बाईने नाकारलं की लोक अजूनच संशयाने बघतात. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ९८०, आणि काविळीचं माप असलेलं बिलिरुबिन ११. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळे निगेटिव्ह. शेवटी पुण्यात एएनए आणि स्मूथ मसल या स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या दोन अँटीबॉडी पॉझिटिव्ह, रक्तातल्या अँटीबॉडींचं माप असलेलं आयजीजी २९०० म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि लिव्हरचा तुकडा काढून तपासणारी बायोप्सी. ऑटोइम्यून हिपॅटायटिस. शरीराची स्वतःची फौज स्वतःच्या लिव्हरवर चालून गेलेली.

हा काही कालपरवा सापडलेला आजार नाहीये. स्वीडनच्या वाल्डनस्ट्रोम यांनी १९५० मध्ये तरुण बायकांमधल्या अशा न बऱ्या होणाऱ्या काविळीचं वर्णन केलं, १९५६ मध्ये मेलबर्नच्या इयन मॅके आणि सहकाऱ्यांनी ल्युपस या दुसऱ्या ऑटोइम्यून आजारासारख्या अँटीबॉडी यातही सापडतात म्हणून त्याला ल्युपॉइड हिपॅटायटिस म्हटलं, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेत स्टेरॉइडच्या चाचण्या झाल्या, त्यात औषध दिलेले लोक जगतात हे स्पष्ट दिसलं. चार पेशंटमधल्या साधारण तीन बायका असतात. आणि मोठ्यांमध्ये जवळजवळ तिघांतल्या एकाला निदान होतं तेव्हाच लिव्हर सिरॉसिसपर्यंत, म्हणजे कायमचे व्रण पडून कडक होण्यापर्यंत, गेलेलं असतं, कारण आधीची वर्षं थकवा, पित्त, बायकांचं असतंच काहीतरी यात निघून जातात. हे वाक्य लिहिताना माझा हात जड होतो, ताईचेही दीड वर्ष असेच गेले असणार.

आता जनुकांचं.

आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाचा जनुकांचा एक भाग आहे. तो काय करतो ते साध्या भाषेत सांगायचं तर पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडून दाखवते, आणि गस्तीवरच्या टी पेशी ते बघून हा आपला की परका ते ठरवतात. तुकडा ज्या खाचेत ठेवून दाखवला जातो ती खाच एचएलएची, आणि प्रत्येकाची खाच थोडी वेगळी असते, त्यामुळे कुणाच्या खाचेत कुठला तुकडा नीट बसतो हे वेगळं असतं. युरोपातल्या लोकांमध्ये डीआरबी१*०३:०१ आणि डीआरबी१*०४:०१ हे दोन प्रकार असले की ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा धोका वाढतो. जपानमध्ये तो मान ०४:०५ कडे आहे. ब्राझील-अर्जेंटिनाकडच्या लहान मुलांमध्ये १३:०१, आणि तिथे हिपॅटायटिस ए चा विषाणू शरीरात जास्त काळ रेंगाळण्याशीही त्याच प्रकाराचा संबंध दिसलाय. म्हणजे एकाच आजाराचं जोखमीचं जनुक देशागणिक वेगळं. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या ६४९ पेशंटचा पूर्ण जीनोमभर, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांवर, शोध घेतला, पडताळा जर्मन पेशंटमध्ये केला, तेव्हा सगळ्यात मोठा सिग्नल याच एचएलए भागात आला, बाकी एसएच२बी३ वगैरे जनुकांचा वाटा फार छोटा निघाला.

आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, डीआरबी१*०३:०१ उत्तर युरोपात ठणठणीत माणसांमध्येही ढिगाने सापडतो, साधारण पाचातल्या एकाकडे. त्यातल्या प्रचंड बहुसंख्य लोकांना लिव्हरचं काहीही होत नाही. जोखमीचं जनुक असणं म्हणजे आजार असणं नव्हे, आजार येणार असणंही नव्हे, कोरडं गवत असण्यासारखं आहे ते, ठिणगी पडायला लागते आणि ठिणगी बहुतेकांच्या आयुष्यात पडतच नाही.

मग नात्यातल्या माणसाला धोका किती? याचं उत्तर डेन्मार्कने दिलंय, तिथे सगळ्या देशाच्या नोंदी एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे आई-मुलगी-भावंडं अशी साखळी लावता येते. तिथे दिसलं की पेशंटच्या सख्ख्या नात्यातल्या लोकांना हा आजार होण्याची शक्यता इतरांच्या साधारण ५ पट. ५ पट ऐकलं की छातीत धस्स होतं, आत्याबाईंनीही बहुधा असलंच काहीतरी वाचलं असणार. पण त्याच अभ्यासात पुढे आहे की दहा वर्षांत प्रत्यक्षात हा आजार होणारे सख्खे नातेवाईक ०.१ टक्का. हजारात एक. उरलेल्या ९९९ जणांना काही नाही. आणि एकसारख्या जुळ्यांमध्ये, ज्यांची जनुकं जवळजवळ शब्दशः तीच असतात, एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली. सगळं जनुकांनीच ठरत असतं तर दोघांना झाला असता ना. पाच पट हा आकडा बातमीत शोभतो, लग्नाच्या बैठकीत हजारात एक हा आकडा सांगायला पाहिजे, आणि तो सांगायचं काम डॉक्टरांनी ताईला डिस्चार्ज देतानाच करायला हवं होतं. तिला फक्त आनुवंशिक घटक असू शकतो एवढं सांगितलं गेलं आणि ते एक वाक्य तिने तीन वर्षं उशाशी घेऊन झोप घालवली.

ऑटोइम्यून आजारांच्याच कुळातला लिव्हरचा दुसरा आजार आहे पीबीसी (प्रायमरी बिलिअरी कोलॅन्जायटिस), पित्ताच्या बारीक नळ्यांवर हल्ला करणारा, त्याच्या नावातलं सिरॉसिस २०१५ मध्ये काढून टाकलं कारण बऱ्याच पेशंटना सिरॉसिस नसतोच आणि त्या शब्दाने बायकांना दारूडी ठरवलं जायचं. नाव बदलण्यासाठी पेशंटनीच आवाज उठवला होता, मला ही गोष्ट फार आवडते. पीबीसीमध्ये जनुकांचा जोर जास्त, २००४ मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या ८ जोड्या बघितल्या तर ५ जोड्यांमध्ये दोघींनाही आजार. पण तिथे सुद्धा ३ जोड्या अशा की एकीला आहे आणि दुसरीला नाही. इंग्लंडात शेफील्डमध्ये १९८० ला दिसलं की एका ठरावीक जलाशयाचं पाणी पिणाऱ्या भागात पीबीसीचे पेशंट इतर भागांच्या दहापट, पाण्यात नेमकं काय ते सापडलं नाही, पण जनुकं तीच आणि नळ बदलला की आजाराचं प्रमाण बदलतं हे तर दिसलं.

दुसरी बोलणी मोडल्यावर घरात काय झालं ते सांगतो. भाचीने कुणालाही न विचारता ऑनलाईन एक वेलनेस जीन टेस्ट मागवली, नळीत थुंकी द्यायची आणि कुरिअरने पाठवायची. महिन्याने चाळीस-पन्नास पानांचा रंगीत रिपोर्ट आला, कुठलं तेल खावं इथपासून ते कुठला व्यायाम करावा इथपर्यंत सगळं, आणि एका पानावर लाल पट्टी, ऑटोइम्यून आजारांचा धोका, सरासरीपेक्षा जास्त. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी तो रिपोर्ट दोनदा वाचला, किती जास्त, कुठला आजार, कुठल्या लोकांच्या माहितीवरून काढलं, यातलं काहीच त्यात नव्हतं. बहुतेक अशा रिपोर्टांचा पाया युरोपियन वंशाच्या लोकांचे अभ्यास असतात आणि वर सांगितलं तसं, डच माणसाचा जोखमीचा प्रकार आणि कराडच्या मुलीचा जोखमीचा प्रकार एकच असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आपल्याकडे डीआर३ बरोबर, म्हणजे वर आलेल्या ०३:०१ च्या गटाबरोबर, शेजारी येणारे एचएलए प्रकारही युरोपातल्यापेक्षा वेगळे आहेत, दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी हे खूप आधी दाखवलंय. असा रिपोर्ट विकायला परवानगी असावी का? माझं स्पष्ट मत आहे की नसावी. किमान एवढा तरी नियम हवा की जनुकांवरून आजाराचा धोका सांगायचा असेल तर प्रत्यक्ष शक्यता हजारात किती ते लिहा, माहिती कुठल्या लोकसंख्येची ते लिहा, आणि रिपोर्ट माणसाच्या हातात देताना समजावून सांगणारं कुणीतरी असू द्या.

आता इथे कुणी म्हणेल की मग लिव्हरच्या आजारात नातेवाईकांची तपासणी कधीच करू नये का. असं अजिबात नाही, आणि हा घोळ जीवघेणा ठरू शकतो म्हणून नीट सांगतो. विल्सन डिसीज नावाचा आजार आहे, त्यात एटीपी७बी या एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात आणि तांबं लिव्हरमध्ये, मेंदूत साठत जातं. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये तो कधीकधी हुबेहूब ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखा दिसतो, अँटीबॉडी सुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकतात. तिथे सख्ख्या भावंडाला तोच आजार असण्याची शक्यता चारात एक. चारात एक आणि हजारात एक! विल्सनच्या पेशंटच्या प्रत्येक भावंडाची तपासणी झालीच पाहिजे, त्रास होत नसला तरी, कारण लवकर गोळ्या सुरू झाल्या तर ते पोर आयुष्यभर धडधाकट राहतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, जातीत आणि भावकीच्या जवळपास सोयरिकी होतात, तिथे एका जनुकाचे असले आजार जास्त वर येतात हे खरं आहे. पण आपण काय करतो, तर दोन्हींना खानदानी आजार असं एकच लेबल लावतो, मग जिथे घाबरायचं कारण नाही तिथे सोयरीक मोडतो आणि जिथे धाकट्या भावाला उद्याच्या उद्या न्यायला पाहिजे तिथे लोक काय म्हणतील म्हणून लपवून ठेवतो.

ताईसारख्या पेशंटच्या नातेवाईकांनी करायचं ते फार साधं आहे. भाचीला उद्या थकवा वाटला, अंग खाजलं, डोळे पिवळे झाले तर माळ घालायची नाही, डॉक्टरला सांगायचं की आईला ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे, आणि एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करायची. थायरॉईड, टाईप १ डायबिटीस, सीलिअॅक असले ऑटोइम्यून आजार अशा घरांमध्ये जास्त दिसतात तेही लक्षात ठेवायचं. त्यासाठी थुंकी कुरिअर करावी लागत नाही.

ठिणगीबद्दल बोललो ते अर्धवट सोडता येणार नाही. कोरोनाच्या पहिल्या वर्षी घराघरात गुळवेलीचा काढा उकळत होता, आमच्याकडेही होता, अंगणातली वेल कापून. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांकडे गुळवेल घेतलेले ६ पेशंट लिव्हर बिघडून आले, बायोप्सीत चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं, काहींना आधीपासून थायरॉईड किंवा डायबिटीस, त्यातली एक बाई गेली. २०२१ मध्ये हे छापून आल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वनस्पती नक्की गुळवेलच होती का हा त्यांचा मुद्दा. पुढच्या वर्षी देशातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या ४३ पेशंटची माहिती एकत्र करून प्रसिद्ध झाली, चित्र तेच. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून जे विकलं जातं ते ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटायच्या बेतात आहे त्याला चालेलच असं नाही, आणि तो माणूस कोण हे बाहेरून दिसत नाही. हळदीचंही तसंच. वरण-भाजीतल्या हळदीबद्दल बोलत नाहीये मी, तिला कुणी हात लावू नका, पण शोषण वाढवायला मिरीचा अर्क घातलेल्या जोरदार कॅप्सूल मिळतात त्या. अमेरिकेत हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हर बिघडलेल्या १० जणांची माहिती २०२२ मध्ये आली, त्यातल्या ७ जणांकडे एचएलए-बी*३५:०१ हा एकच प्रकार होता. ग्रीन टीच्या अर्काने लिव्हर बिघडलेल्यांमध्येही हाच प्रकार खूप जास्त सापडलाय. जनुक आणि ठिणगी एकत्र आल्यावर काय होतं याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. अशा बाटल्यांवर लिव्हरचा इशारा छापा ही मागणी करायला आयुर्वेदाचा विरोधक असायची गरज नाही, मी नाहीये.

पण माझा मुख्य मुद्दा अजून पुढेच आहे.

ताईला आधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं. पंधरा दिवसांत डोळे पांढरे झाले, एसजीपीटी भराभर उतरलं, तोंड मात्र सुजून गोल झालं आणि भूक अशी की रात्री दोनला उठून भाकरी खायची. स्टेरॉइड कायम देता येत नाही म्हणून सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन, ५० मिलिग्रॅम, रोज एक. चौथ्या आठवड्यात तिने वेणी घालायला कंगवा फिरवला आणि केसांचा पुंजकाच हातात आला. तुटून आलेले नव्हते, मुळापासून सुटलेले, अंगणात तुळशीपाशी बसली होती ती, मांडीवर केसांचा ढीग, आणि तिला वाटलं की आजारानेच होतंय म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही, डोक्याला रुमाल बांधला. चार दिवसांनी ताप १०३. पांढऱ्या पेशी ९००. चार हजारांच्या वर पाहिजेत त्या ९००. अकरा दिवस ऍडमिट होती, पहिले तीन दिवस आम्हाला कुणी नीट काही सांगतही नव्हतं.

नंतर एका तरुण डॉक्टर मुलीने एक टेस्ट पाठवली, एनयूडीटी१५. हे जनुक अझाथायोप्रिनचा शरीरातला विषारी भाग निकामी करणारं एन्झाइम बनवतं. ज्याच्याकडे त्याची बिघडलेली प्रत आहे त्याच्या शरीरात औषध साचतं आणि अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्तपेशी बनवणारा भाग, बंद पडू शकते, आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर नेहमीच्या डोसनेसुद्धा काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी कोसळतात आणि केस झपाट्याने गळतात. ताईच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. हा संबंध कोरियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवला. युरोपात वर्षानुवर्षं तपासतात ते टीपीएमटी नावाचं दुसरं जनुक, कारण तिथल्या लोकांमध्ये बिघाड त्यात जास्त. आशियात उलटं, इथे एनयूडीटी१५ चा बिघाड जास्त, भारतीयांमध्ये साधारण दहातल्या एखाद्याकडे निदान एक तरी बिघडलेली प्रत असते. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन्ही जनुकं आहेत, डोस किती कमी करायचा ते सुद्धा लिहिलंय. आयुष्यात एकदा करायची टेस्ट, एक रक्ताची नळी.

एकाच घरात दोन जनुक-चाचण्या झाल्या. भाचीची, जिचा रिपोर्ट कुणाच्याच उपयोगाचा नाही आणि जिने पोरगी खचली. आणि ताईची, जी गोळी सुरू करण्याआधी व्हायला पाहिजे होती आणि झाली आयसीयूतून बाहेर आल्यावर. आजाराचा धोका सांगणारं जनुक कळून करण्यासारखं काही नाही, ते जनुक बदलता येत नाही, त्याच्यावर लस नाही की गोळी नाही. औषधाचं जनुक कळलं तर डॉक्टर डोस कमी करतो किंवा औषधच बदलतो आणि बाई घरी जाते. हा फरक मला इतका ढळढळीत दिसतो की जनुकशास्त्रावर सार्वजनिक पैसा खर्च करायचा असेल तर पहिला रुपया इथेच जायला हवा असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टर मित्राशी यावर वाद झाला. तो म्हणाला, टेस्ट केली तरी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावीच लागते, टेस्ट निगेटिव्ह असलेल्यांच्याही पेशी कधी कधी उतरतात, मग कमी डोसने सुरू करून दर आठवड्याला सीबीसी केली की झालं. त्याचं शास्त्र बरोबर आहे, टेस्ट सीबीसीच्या जागी येत नाही. पण आठवड्याला सीबीसी म्हणजे काय ते पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या बाईच्या नजरेतून बघा. सकाळची पहिली एसटी, एक दिवसाचा रोज बुडाला, लॅबचे पैसे, रिपोर्ट दुपारी चारला, परतीची गाडी साडेपाचला, आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. पहिल्या वेळी ती जाईल, दुसऱ्या वेळी जाईल, तिसऱ्या आठवड्यात भात लावणी असेल. ताईचंही तेच झालं, दोन सीबीसी झाल्या आणि तिसरी राहिली. शहरात बसून कागदावर जे मॉनिटरिंग सोपं दिसतं ते ज्याला जमणार नाही त्याच्यासाठीच ही एकदाची टेस्ट जास्त गरजेची आहे. आणि अझाथायोप्रिन काही फक्त लिव्हरवाले घेत नाहीत, ल्युपस, आतड्याचे आजार, त्वचेचे आजार, किडनी बदललेले पेशंट, सगळे घेतात, आणि ल्युकेमियाच्या मुलांना दिलं जाणारं मर्कॅप्टोप्युरिन त्याच कुळातलं. महात्मा फुले योजनेचा मुख्य भर ऍडमिट झालेल्या पेशंटच्या पॅकेजवर आहे, म्हणजे पेशी कोसळून ऍडमिट झालात तर खर्च निघू शकतो, कोसळू नयेत म्हणूनची टेस्ट मात्र खिशातून. सरकारी मेडिकल कॉलेजच्या लॅबमध्ये ही टेस्ट मोफत झाली पाहिजे. पीसीआरची मशिनं आणि ती चालवणारी माणसं कोरोनात बहुतेक जिल्ह्यांत आली, ती आहेत अजून.

विम्याचं थोडक्यात सांगतो कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचा एक क्लेम जेनेटिक म्हणून नाकारला गेला होता, त्यावर दिल्ली हायकोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितलं की सगळ्या जेनेटिक आजारांना सरसकट वगळणं घटनाविरोधी आहे, आणि मार्चमध्ये विमा नियामक इर्डाने कंपन्यांना तसं वगळू नका म्हणून सांगितलं. वाद पुढे सुप्रीम कोर्टात गेला. अमेरिकेत २००८ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, आरोग्य विमा आणि नोकरी यात जनुकांवरून भेदभाव करता येत नाही, जीवन विमा मात्र त्यातही सुटलाय. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा अजून नाही. जो आजार होण्यात जनुकांचा वाटा आहे तो जेनेटिक असं म्हणायला लागलात तर डायबिटीस, बीपी, संधिवात, दमा सगळंच बाहेर जाईल, मग विमा उतरवायचा तरी कशाचा.

आणि आपल्या लोकांची माहिती. मुंबईत वीसेक वर्षांपूर्वी ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या पेशंटचं एचएलए टायपिंग झालं होतं, छोट्या संख्येवर, नंतर डच-जर्मनांसारखं शेकडो पेशंटचं मोठं काम आपल्याकडे उभं राहिलं नाही. जीनोम इंडिया प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जीनोम वाचून झाले, २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली, फार मोठं काम आहे ते. पण ती निरोगी लोकांची पार्श्वभूमी झाली, तिच्याशी ताडून बघायला पेशंटची नोंदवही लागते आणि ती हॉस्पिटला-हॉस्पिटलात फायलींमध्ये पडून आहे. ताईची फाईल मी सांभाळून ठेवलीये, कुणी मागितली तर देईन, आजपर्यंत कुणी मागितली नाही.

ताई आता दुसऱ्या गोळीवर आहे, मायकोफेनोलेट, एसजीपीटी ३० च्या आत, केस खांद्यापर्यंत आलेत. परवाच्या रविवारी परत पाहुणे येणार आहेत, इस्लामपूरकडचे. या वेळी ती म्हणाली की पोहे नंतर, आधी मी बोलणार, आणि मला फोन करून तो डेन्मार्कचा आकडा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पाठवायला सांगितलाय, टक्केवारीत नको म्हणाली, हजारात किती ते लिही.